एकतीस पराभवांची वही

"तुमच्या इंडियानापोलिसलाच ती केटलिन क्लार्क खेळते ना? तिकिटं मिळतील का गं?"

२०२४ च्या उन्हाळ्यात मावसबहिणीच्या मुलाने शिकागोहून फोन करून विचारलं. त्याआधी त्याने आयुष्यात बायकांचं बास्केटबॉल बघितलं नव्हतं. पण त्या वर्षी अख्ख्या अमेरिकेलाच त्याचं वेड लागलं होतं. आमच्या इंडियाना फीवरच्या घरच्या मॅचला सरासरी सतरा हजार माणसं येत होती. मी त्याला म्हटलं, "अरे, दोन वर्षांपूर्वी आला असतास तर आख्खी रांग मिळवून दिली असती. झोपून मॅच बघितली असतीस!"

त्याला तो विनोद वाटला. पण २०२२ साली खरंच तशी परिस्थिती होती. तेव्हाची सरासरी दोन हजारांच्याही खाली होती, आणि त्या दोन हजारांत आम्ही तिघं होतो. मी, माझी अकरा वर्षांची लेक आणि सांगलीहून आलेले बाबा.

बाबांना पार्किन्सन्स आहे. २०२२ मध्ये ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले, तेव्हा त्याला चारेक वर्षं झाली होती. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच फेरी. घरात बसून कंटाळायचे बिचारे. नेऊ तरी कुठे? मॉलमध्ये गर्दी, बागेत ऊन. पार्किन्सन्सच्या माणसाला गर्दी नको असते. दाराशी किंवा अरुंद जागेत पाय एकदम जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि मागून लोक येत असले की आणखीच चिकटतात. मग नवरोबांनी शोध लावला, की आपल्या गावात एक व्यावसायिक टीम आहे. तिची तिकिटं स्वस्त आहेत, गर्दी अजिबात नसते, गाडी दाराजवळ लावता येते आणि आत एसी आहे.

थोडक्यात, आम्ही फीवरचे चाहते झालो ते ती टीम हरत होती म्हणून. जिंकणारी टीम आम्हाला परवडलीच नसती :)

"टीमचं नाव काय म्हणालीस?" बाबांनी पहिल्या दिवशी गाडीत विचारलं.
"फीवर."
"ताप?"
"हो."
"बरं. बघू किती चढतो."

तो सीझन किती वाईट होता ते आधी सांगते. ३६ मॅचेस, ५ विजय, ३१ पराभव. नवातल्या सात हरल्यावर, मे महिन्यातच कोच मॅरियन स्टॅन्ली यांना काढलं. त्यांच्या जागी आलेल्या कार्लोस नॉक्स यांच्या हाताखाली टीम उरलेल्या २७ पैकी २४ हरली. शेवटच्या अठरा मॅचेस तर ओळीने हरली. जूनच्या मध्यानंतर एकही विजय नाही.

आणि ही काही पूर्वीपासूनची रडकी टीम नव्हे हं. टमिका कॅचिंग्जच्या काळात, २००५ ते २०१६ अशी सलग बारा वर्षं ही टीम प्लेऑफ्समध्ये होती. २०१२ साली चॅम्पियन झाली होती. कॅचिंग्ज २०१६ ला निवृत्त झाली आणि घसरण सुरू झाली. गावाला जिंकायची सवय झाली की हरणाऱ्यांकडे गाव दुप्पट पाठ फिरवतं.

त्या उन्हाळ्यात टीमच्या नेहमीच्या स्टेडियमचं नूतनीकरण चालू होतं, म्हणून काही मॅचेस बटलर युनिव्हर्सिटीच्या हिंकल फील्डहाऊसमध्ये झाल्या. १९२८ साली बांधलेली विटांची इमारत. उंच खिडक्यांमधून संध्याकाळचं ऊन थेट आत येतं. इंडियानात बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट आणि हिंकल म्हणजे त्यांचं ब्रेबर्न स्टेडियम. १९५४ मध्ये मिलान नावाच्या छोट्याशा गावातल्या शाळेने राज्याची फायनल इथेच मारली आणि त्या कथेवरून पुढे 'हूझियर्स' नावाचा सिनेमा निघाला. छोट्यांनी मोठ्यांना हरवल्याची गोष्ट. त्याच छपराखाली आम्ही मोठ्यांनी छोट्यांना बदडताना बघत होतो. रोज थोडेच मिलान जिंकतं?

हिंकलमध्ये पहिल्यांदा शिरताना बाबांचे पाय दाराशी थांबले. मी हात धरून हळूच ओढायला लागले. नेमकी तीच चूक! फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं, ओढू नका, समोर ओलांडायला काहीतरी द्या. माझ्या लक्षात आलं नाही, पण लेकीच्या आलं. तिने आपला बूट आजोबांच्या बुटासमोर आडवा ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, ओव्हर." बाबांनी तो ओलांडला आणि चालू लागले. उन्हाळाभर मग त्या दोघांचं हेच चाललं. प्रत्येक दाराशी आडवा बूट आणि "आजोबा, ओव्हर."

बाबा बँकेत होते. छत्तीस वर्षं खतावण्या लिहिल्या. त्यामुळे दुसऱ्या मॅचला त्यांनी वही आणली. दोनशे पानी, रेघांची. त्यात ते स्कोअर मांडायचे. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होत जातं. पहिला शब्द नीट असतो आणि ओळीच्या शेवटी मुंग्या. म्हणून त्यांना मोठं अक्षर काढायचा सराव करायला सांगितला होता. तो सराव त्यांनी फीवरच्या स्कोअरवर केला. दोन रेघांमध्ये एक आकडा. मोठ्ठा.

पण त्यांची मांडणी वेगळी होती. बायकांच्या या लीगमध्ये दहा मिनिटांचे चार क्वार्टर असतात. फळ्यावर बेरीज वाढत जाते, पण बाबा प्रत्येक क्वार्टरचा हिशोब वेगळा मांडायचे. वीसेक पॉइंटांनी हरलेल्या मॅचमध्येही एखादा क्वार्टर आपला निघायचा. त्याच्यापुढे ते बारीकशी बरोबरची खूण करायचे.

मी एकदा म्हटलं, "बाबा, शेवटचा क्वार्टर जिंकून काय उपयोग? मॅच तर गेली होती. समोरच्यांनी त्यांच्या चांगल्या प्लेअर बसवून ठेवल्या होत्या."
"असेल. पण ह्या बसल्या नव्हत्या ना?"

लोक तिसऱ्या क्वार्टरपासूनच उठायला लागायचे. मीही चुळबुळायचे. सकाळी ऑफिस, शिवाय बाबांना गाडीपर्यंत न्यायला वेळ लागतो. बाबा हलायचे नाहीत. "त्या अजून खेळतायत," एवढंच म्हणायचे.

एकदा परतताना त्यांनी लेकीला लॉर्ड्सची गोष्ट सांगितली. १९७४ ची. बाबा तेव्हा कॉलेजात. तीन वर्षांपूर्वी, १९७१ मध्ये वाडेकरच्या टीमने इंग्लंडला इंग्लंडमध्ये हरवलेलं, त्यामुळे अख्खा वाडा रेडिओभोवती. आणि आपण ४२ सर्वबाद! एक डाव आणि २८५ धावांनी हार. रेडिओ बंद करून लोक उठून गेले. "पण त्या ४२ मधले अठरा एकट्या सोलकरचे होते. आणि नाबाद. ते कुणाला आठवत नाही," बाबा म्हणाले. लेकीला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. तिने विचारलं, "सो ही वॉज लाइक केल्सी मिचेल?" बाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "हो. तोही डावखुराच होता."

केल्सी मिचेल ही बाबांची लाडकी. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातून आलेल्या मुलींची टीम्स पाळीपाळीने निवड करतात त्यात, तिला फीवरने दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या क्रमांकावर लास व्हेगसच्या टीमने एजा विल्सनला नेलं. एका संध्याकाळी, एकामागोमाग एक नावं पुकारली गेली. पुढे विल्सनची लास व्हेगस एसेस २०२२ ची चॅम्पियन झाली. त्याच वर्षी मिचेलची टीम एकतीस मॅचेस हरत होती. मिचेलचं पहिलं वर्ष ६-२८. चौथं ६-२६. पाचवं हे, ५-३१. आणि तरी ती मॅचमागे १८ च्या वर पॉइंट काढत होती. समोर दोन-दोन जणी आडव्या, टीम पंचवीसने मागे, आणि ही बाई पहिल्या मिनिटासारखी धावत बास्केटकडे!

तुम्ही म्हणाल, पैसे मिळतात ना. मिळतात, पण ऐका. २०२२ मध्ये लीगमधला कमीत कमी पगार वर्षाला साठ हजार डॉलरच्या आसपास होता. बहुतेक जणी हिवाळ्यात तुर्कस्तान, चीन, युरोप असं कुठे कुठे जाऊन खेळायच्या. मॅचसाठीचे प्रवास साध्या विमानांनी, आपल्यासारखे. आणि बारा टीम्स, प्रत्येकीत जास्तीत जास्त बारा जणी, म्हणजे जेमतेम १४४ जागा. फीवरच्या बाकावर शेवटच्या खुर्चीत बसलेली मुलगीसुद्धा त्या १४४ मधली. आम्ही ज्यांना "किती वाईट खेळतात" म्हणत होतो, त्यांच्या इतकं चांगलं एखादं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

आता माझी गोष्ट. ही लिहायची की नाही, यावर बरेच दिवस घालवले.

त्याच उन्हाळ्यात लेक एका लीगमध्ये खेळत होती. खेळत होती म्हणजे बाकावर बसत होती. तिची टीमही हरतच होती आणि हरणाऱ्या टीमच्या बाकावर बसण्यात काय मजा? एका शनिवारी ती घरी येऊन रडली. मी म्हटलं, "सोड मग. त्यापेक्षा रोबोटिक्सच्या कॅम्पला जा. तिथे निदान काहीतरी पदरात पडेल." मला वाटलं, मी समजूतदार आईसारखी बोलले. बाबा पलीकडे खुर्चीत हातांचे व्यायाम करत होते. काही बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ऑफिसातून दमून आले. स्वयंपाक व्हायचा होता आणि बाबा पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होते. मोठी पावलं, हात हलवत, मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन. मी भांडी घेऊन मध्ये आले, ते थबकले, पाय चिकटले, पडता पडता वाचले. आणि मी म्हणाले, "बाबा, कशाला करता एवढं? याने काय फरक पडणार आहे?"

बोलून गेले. तोंडातून बाहेर पडतानाच कळलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीला हात लावला आणि सावकाश खोलीत गेले. रात्री नीट जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पॅसेजमधून आवाज आला. एक, दोन, तीन.

मी माफी मागितली नाही. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही. पुढच्या मॅचची तिकिटं काढली.

तेव्हाच कधीतरी ड्राफ्टच्या लॉटरीचा विषय निघाला. त्या लीगमध्ये दोन वर्षांच्या कामगिरीची बेरीज करतात आणि जी टीम जास्त हरलेली तिला पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त. फीवरची दोन वर्षांची बेरीज होती ११-५७! नवरोबा उत्साहाने समजावत होते, "म्हणजे बघा, हरण्याचा फायदाच आहे. आता हरतील, मग चांगली प्लेअर मिळेल, मग जिंकतील."

लेकीने विचारलं, "मग ह्यांना माहितीये का, की हरलं तर बरं?"

बाबा म्हणाले, "टीमला बरं. ह्या पोरींना कसलं बरं? नवी आली की ह्यांच्यातली एक जाणार."

आणि अगदी तसंच झालं. २०२२ च्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत फीवरने चार मुली घेतल्या होत्या. नलिसा स्मिथ, एमिली एंग्स्टलर, लेक्सी हल आणि क्वीन एग्बो. कोवळ्या पोरी, कॉलेजातून निघून थेट या एकतीस पराभवांत पडलेल्या. पुढे फीवरला खरंच दोन वर्षं ओळीने पहिली निवड मिळाली. २०२३ मध्ये अलिया बोस्टन आणि २०२४ मध्ये केटलिन क्लार्क. पण तोवर एंग्स्टलरला २०२३ चा सीझन सुरू व्हायच्या आधीच सोडून दिलं होतं आणि एग्बोला त्याच वर्षी दुसऱ्या टीमला देऊन टाकलं होतं. २०२५ च्या सुरुवातीला स्मिथ गेली. चौघींपैकी एकटी लेक्सी हल उरली.

पराभवाच्या गोष्टी आपण नेहमी जिंकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकतो. अपयश ही यशाची पहिली पायरी, वगैरे. पण पायरी चढणारा एक आणि पायरी होणारा दुसरा असं बहुतेक वेळा असतं. त्या एकतीस पराभवांवर पुढचं सगळं उभं राहिलं हे खरं, पण ते ज्यांनी सोसले त्यांच्यातल्या बहुतेक जणी सतरा हजार टाळ्या ऐकायला तिथे नव्हत्या. मग त्या कशासाठी धावत होत्या? मला एकच उत्तर सापडतं, आणि ते बाबांच्या वहीत आहे. तो क्वार्टर त्यांच्यासमोर होता, म्हणून. पुढे काय होणार यासाठी नव्हे.

पॅसेजमधल्या येरझाऱ्यांचंही तेच. बाबांना पक्कं माहीत होतं की हा आजार मागे फिरत नाही. व्यायामाने हालचाल टिकते, काही काळ. बाबा सीझन जिंकायला निघालेच नव्हते. त्यांना मंगळवार जिंकायचा होता. फरक पडतच होता. मी फक्त चुकीच्या ओळीत बघत होते.

लेकीने लीग सोडली नाही. मी पुन्हा विषय काढला नाही, तिनेही नाही. शेवटच्या मॅचला तिला चारेक मिनिटं मिळाली. आजोबांनी त्या चार मिनिटांचाही हिशोब वहीत मांडला आहे. वेगळं पान काढून.

ऑक्टोबरात बाबा परत गेले. वही इथेच राहिली, "पुढच्या वर्षी लागेल," म्हणून. पुढच्या वर्षी त्यांना प्रवास जमला नाही. त्यानंतरही नाही. फीवर २०२३ मध्ये १३-२७, २०२४ मध्ये २०-२० आणि आठ वर्षांनी प्लेऑफ्समध्ये. तो सीझन सुरू व्हायच्या थोडं आधी, मार्चमध्ये, मिचेलचे वडील अचानक गेले. तिला बास्केटबॉल शिकवणारे तेच. मी ही बातमी बाबांना फोनवर सांगितली नाही. का, ते तुम्हाला कळेल.

२०२५ मध्ये क्लार्क दुखापतीमुळे तेराच मॅचेस खेळली. एकेक करत आणखीही बऱ्याच जणी जायबंदी झाल्या. तरी टीम सेमीफायनलला गेली, मुख्यतः मिचेलच्या जिवावर. समोर लास व्हेगस. म्हणजे एजा विल्सन. आणि तिच्या टीममध्ये आता कोण? आपली नलिसा स्मिथ! २-२ अशी बरोबरी, पाचवी निर्णायक मॅच. ३० सप्टेंबरची रात्र, सांगलीत १ ऑक्टोबरची सकाळ. आम्ही टीव्हीसमोर आणि माझ्या भावाने तिकडे बाबांना उशा लावून बसवून व्हिडिओ कॉल लावलेला.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये मिचेल खाली बसली. पायच चालेनात. स्नायू इतके थकले होते, की तिला उचलून बाहेर न्यावं लागलं आणि थेट हॉस्पिटलात. चालता चालता पाय जागच्या जागी थांबणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फोनवर बाबा एकदम गप्प.

तिच्याशिवाय बाकीच्यांनी मॅच ओव्हरटाइमपर्यंत ओढली आणि १०७-९८ अशी हरल्या. पुढे एसेस चॅम्पियन झाल्या. २०२२ ला फीवरमध्ये एकतीस पराभव बघितलेल्या नलिसा स्मिथला चॅम्पियनशिप मिळाली, पण दुसऱ्याच रंगाच्या जर्सीत. मला बरं वाटलं तिच्यासाठी. चला, कुणालातरी मिळालं!

मॅच संपल्यावर बाबा काहीतरी म्हणाले. आता त्यांचा आवाज फार बारीक झालाय, फोनवर कळत नाही. भावाने कान जवळ नेऊन ऐकलं आणि सांगितलं, "विचारतायत, वहीत लिहिलं का?"

लिहिलं नव्हतं. लेक उठली, कपाटातून वही काढली आणि चारही क्वार्टर आणि ओव्हरटाइम वेगवेगळे मांडले. मोठ्या अक्षरात, दोन रेघांमध्ये एक आकडा. मग कॅमेऱ्यासमोर पान धरलं. बाबांनी बराच वेळ बघितलं आणि बोटाने काहीतरी दाखवायला लागले. भावाला कळेना. लेकीला कळलं. जिंकलेल्या क्वार्टरपुढे बरोबरची खूण करायची राहिली होती.

असो. लेक आता हायस्कुलात आहे आणि अजून खेळते. बाकावरून उठून मैदानात आली आहे, पण टीम फारशी जिंकत नाही. आज संध्याकाळी मॅच आहे. वही पर्समध्ये टाकली आहे. निघते.